तांब्याभर पाणी

गुरुवारी सकाळी सायकलचं मागचं चाक अडलं आणि यशोदाबाईंनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

आता चाक अडलं म्हणून कुणी उपाशी बसतं का, असं तुम्ही विचाराल. बसतं हो. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला विचारा म्हणजे कळेल. जुळे सोलापुरातल्या त्या बैठ्या घरात यज्ञेश्वरराव आणि यशोदाबाई असे दोघंच राहायचे. थोरली श्रावणी लग्न होऊन पुण्याला गेलेली. धाकटा वरद दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तापानं गेला. चोविसावं नुकतंच लागलं होतं पोराला. त्याची गिअरची, जाड टायरची सायकल पोर्चमध्ये छताच्या हुकाला दोरीनं टांगलेली होती, मागचं चाक फरशीपासून वीतभर वर. पुसायला, तेल द्यायला सोपं जावं म्हणून वरदनंच ती तशी टांगली होती. तो गेला आणि सायकल तशीच टांगलेली राहिली.

यशोदाबाई रोज सकाळी तुळशीची पूजा करायच्या. तुळशीला अर्धा तांब्या पाणी घातलं की उरलेला अर्धा घेऊन पोर्चमध्ये यायच्या. चाकाच्या मधोमध, जिथं सगळ्या तारा येऊन मिळतात, त्या जागी हळदीकुंकवाचं बोट लावायच्या, वरून पाण्याची बारीक धार धरायच्या आणि हातानं चाक एकदा फिरवायच्या. टिकटिकटिकटिक करत चाक फिरायचं. वरद गल्लीच्या तोंडाशी वळला की पायडल मारायचं सोडून द्यायचा आणि सायकल तशीच घरापर्यंत सोडायचा, तेव्हा हाच आवाज यायचा. तो ऐकला की यशोदाबाई तवा चढवायच्या. आता चाक थांबेपर्यंत त्या उभ्या राहायच्या, आणि मग आत येऊन अर्धी भाकरी खायच्या. दोन वर्षं त्या माउलीच्या पोटात सकाळी काही जात असेल तर ते त्या आवाजावर.

हे सुरू झालं खंडेनवमीला. वरद गेल्याला महिना झाला होता. वर्षभर घरात सण करायचा नाही, तोरण नाही, पुरण नाही, सगळं पाळायचं. आजूबाजूला लोक गाड्या धूत होते, हत्यारांना झेंडू वाहत होते. यशोदाबाई तांब्या घेऊन उठल्या. यज्ञेश्वररावांनी नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, "सण नाही करत मी. त्याच्या सायकलला आंघोळ घालते फक्त." दुसऱ्या दिवशीही घातली. तिसऱ्याही. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात तर विचारूच नका, भांडी राखेनं घासायची वेळ येते. पण सायकलचा तांब्या एक दिवस चुकला नाही.

गेल्या काही महिन्यांपासून चाकातून करकर आवाज यायला लागला होता. मग ते जड झालं. मग नुसतंच ढकलल्यासारखं व्हायचं, टिकटिक दोन-चार वेळा आणि बंद. गुरुवारी तर जागचं हललंच नाही. यशोदाबाईंनी दोन्ही हातांनी जोर केला, काही उपयोग नाही. मग हात पदराला पुसून म्हणाल्या, "झालं. हेही थांबलं. माझा हातगुणच वाईट."

हे वाक्य यज्ञेश्वररावांच्या काळजात कुठं जाऊन बसायचं ते त्यांनाच माहीत. कारण त्यामागं जे होतं ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. वरद तापानं फणफणला त्या शनिवारी सकाळी यज्ञेश्वररावांनी दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली होती. रिक्षा फाटकात उभी, इंजिन चालू. आणि यशोदाबाई आतून ओरडल्या, "ताप उतरतोय हो! हात लावून बघा. पोराला गदागदा हलवत नेऊ नका, मी पट्ट्या ठेवते, सोमवारी दाखवू." कपाळ खरंच जरा निवलं होतं. यज्ञेश्वरराव बाहेर गेले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, जा बाबा तू. सोमवारी नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "कधीपासून आहे ताप?" बुधवारी पोर गेलं. यशोदाबाई त्यावर कधी मोठ्यानं रडल्या नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. फक्त 'माझा हातगुण' एवढं म्हणायच्या आणि अर्धी भाकरी खायच्या.

आणि आता तीही बंद. शुक्रवारी नुसता चहा. शनिवारी चहाही अर्धाच. यज्ञेश्वररावांनी खिचडी करून बघितली, ती बुडाला लागली. समजूत घातली, रागावले, श्रावणीला फोन लावून दिला. यशोदाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. आता मात्र म्हाताऱ्याचं धाबं दणाणलं. एक गेलाच होता, आता ही पण अंथरूण धरते की काय?

रविवारी त्यांनी सिद्धूला बोलावलं. सिद्धू वरदचा मित्र, मूळचा मंद्रूपचा, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. दोघं मिळून सायकली घेऊन कुठं कुठं भटकायचे. सिद्धूनं चाक धरून हलवलं, कान लावला आणि मान हलवली.

"काका, हब गेलाय की ओ ह्याचा. मधला तुंबा. आत लई गंजलाय. पावसात ऱ्हायली व्हती काय?"

"पोर्चमध्येच आहे रे. पाऊस कुठला लागतोय."

"मग काय कळंना बगा. चाक काढून देतो, दुकानात टाकू. नवा हब बसवत्यात, तारा नव्या वडत्यात. दोन दिसाचं काम."

आतून यशोदाबाई कधी उठून दारात आल्या होत्या ते कुणाला कळलंच नाही.

"फाटकाबाहेर जायचं नाही काही," त्या म्हणाल्या. "तो गेला तो आला नाही. त्याचं काही बाहेर जायचं नाही. आणि त्यातलं काही बदलायचं पण नाही."

"मावशी, पन हितं घरी कसं उगडायचं? त्याला बारीक पाना लागतोय, खास. माज्याकडं बी न्हाय."

"मग राहू द्या." आणि त्या आत गेल्या. सिद्धूनं डोळे पुसले, चाकाचे दोन नट तेवढे ढिले करून दिले आणि पाया पडून निघून गेला.

राहू द्या कसलं? यज्ञेश्वररावांनी ठरवलं की आपणच उघडायचं. हा निर्णय कुणी घेतला ते लक्षात घ्या. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळली, पंख्याचं बटण बदलायला शेजारच्याला हाक मारली, नळाचा वॉशर म्हटला की ज्याला घाम फुटायचा, तो माणूस. वरद त्यांना चिडवायचा, "बाबा, तुम्ही पान्याला हात लावू नका, पानाच घाबरतो." तरी त्या पोराला बापानं शेजारी बसावं असं वाटायचं. ताप यायच्या आधीच्या रविवारी तो म्हणाला होता, "मागचा हब उघडायचाय, आतले लोखंडी छर्रे आणून ठेवलेत. बसता का माझ्याबरोबर?" यज्ञेश्वरराव पेपर वाचत होते. म्हणाले, "पुढच्या रविवारी बसू की." पुढचा रविवार तर पट्ट्या बदलण्यात गेला.

सोमवारी सकाळी शेजारच्या चन्नम्मा यशोदाबाईंना, दर सोमवारी न्यायच्या तशा पण आज जवळजवळ ओढतच, सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन गेल्या. "चल गं, देवाला तरी तोंड दाखव," म्हणाल्या. त्या गल्लीच्या टोकाला वळल्या आणि यज्ञेश्वररावांनी धोतर खोचावं तसा लेंगा वर खोचला.

फोनवर त्यांनी आदल्या दिवशी व्हिडिओ बघून ठेवले होते. त्यातला माणूस हिंदीत बोलत चकचकीत हत्यारं एकेक उचलून दाखवायचा. घरात काय होतं? नळाचा मोठा स्क्रू-पाना, एक हातोडी, दात पडलेली कानस आणि सांडशी. पोर्चमध्ये परात मांडली, जुना टॉवेल अंथरला, स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढलं. काढताना थोडं तोंडात गेलं, त्यावर पाच मिनिटं थुंकत बसले.

चाक खाली घेतलं. आसाच्या टोकाला एक नट, आणि त्याच्या आत चिकटून दुसरा, कोन म्हणतात तो. कोन धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा, एवढंच काम. पण कोनाला धरायची जागा नखाएवढी. स्क्रू-पान्याचं थोराड तोंड तिथं शिरेच ना. सांडशीनं धरलं तर सटकली आणि बोटाचं साल गेलं. आई गं म्हणून ते खाली बसले आणि त्यांना वाटलं, सिद्धू म्हणत होता तेच खरं, आपल्याच्यानं हे व्हायचं नाही.

मग एकदम आठवलं. त्यांच्या तरुणपणी काळ्या सायकलीबरोबर पत्र्याचा एक चपटा पाना फुकट मिळायचा, वेगवेगळ्या मापांची तोंडं पाडलेला. तो माळ्यावरच्या डब्यात अजून होता. पत्रा असल्यामुळं तो त्या फटीत बरोबर बसला, पण तोंड जरा लहान. झालं, बसले घासत. कानशीनं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं. दंड भरून आले. आणि एकदा तो पाना कोनाला असा गच्च बसला की त्यांच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं आणि त्यांनी शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं.

पेट्रोलचे थेंब सोडत, हातोडीनं ठोकत नट सुटला. कोन सुटला. गिअरच्या बाजूला हातही न लावता त्यांनी आस त्या बाजूनं हळूच ओढून घेतला, आणि परातीत छर्रे टपटप पडले. चकचकीत गोट्या पडतील असं वाटलं होतं. पडली ती राड. लाल, पिवळी, चिकट. त्यात छर्रे खडबडीत, तांबूस झालेले. गंज आहे, ते मनाशी म्हणाले आणि टॉवेलनं पुसायला लागले. पुसता पुसता हात थांबला. गंज तांबडा असतो. पिवळा कुठला?

त्यांनी बोटं उजेडाकडं धरली. बोटांच्या रेषांत हळद बसली होती.

रोज डोळ्यांदेखत घडत होतं हो! रोज ते इथंच खुर्चीवर पेपर घेऊन बसलेले असायचे, रोज ती तांब्या घेऊन यायची, आणि ह्या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही की ती धार आत जात असेल. दोन वर्षं हळद, कुंकू आणि पाणी. ग्रीस धुऊन गेलं आणि लोखंड कुजलं. तिनं ज्याला आंघोळ घातली ते तिच्याच हातानं अडलं होतं.

यज्ञेश्वरराव तसेच फरशीवर बसून राहिले. हे तिला सांगायचं कसं? सांगितलं तर ती काय म्हणणार ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. आधी कपाळावर पाणी, आता चाकावर पाणी, माझा हातगुण. त्यातून ती उठायची नाही. आणि नाही सांगितलं तर उद्या सकाळी परत तांब्या. परत राड. छर्रे ज्यात फिरतात त्या आतल्या वाट्यांना आधीच खड्डे पडायला लागले होते, अजून एक पावसाळा त्या काढणार नाहीत. बरं, 'पाणी घालू नकोस' एवढंच म्हणावं, तर ती विचारणारच की का. यशोदाबाई काही लहान मूल नव्हत्या. त्यांच्या पोटातलं रडू कोंडून राहिलं होतं, डोकं नव्हे.

विचार करून उत्तर मिळेना तेव्हा ते कामाला लागले, कारण देवळातून ती परत यायची वेळ होत आली होती. सीटखालच्या पिशवीत वरदनं आणलेली छर्र्यांची पुडी तशीच होती, बरोबर ग्रीसची छोटी डबी. पुडीची गाठ वरदनं मारलेली. ती सोडताना यज्ञेश्वररावांना फार जड गेलं. पेट्रोलनं आतल्या वाट्या धुतल्या, पुन्हा धुतल्या, टॉवेलचं टोक वळून आत फिरवलं. बोटानं ग्रीस भरलं. एकेक छर्रा बसवायला चिमटा नव्हता, म्हणून देवघरातली पळी आणली, तिच्या दांड्याला ग्रीस लावून छर्रे उचलले आणि एकाला एक लावून गोल मांडले. आस परत सरकवला. मग कोन आवळायचा. घट्ट केला की चाक अडायचं, सैल केला की लडबडायचं. नट आवळताना जमलेलं पुन्हा बिघडायचं. किती वेळा केलं कोण जाणे. वरद असता तर हसून लोळला असता. "असं नाही हो बाबा," म्हणाला असता आणि हातातून पाना काढून घेतला असता.

शेवटी जमलं. चाक सायकलला चढवलं, साखळी बसवली. हळूच बोट लावलं आणि चाक सुटलं ते फिरतच राहिलं. करकर नाही, काही नाही. फक्त ती टिकटिक, स्वच्छ. यज्ञेश्वरराव खांबाला धरून उभे राहिले आणि घळाघळा रडले. आपण कधीच आलो नाही त्याच्याशेजारी बसायला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मग भानावर आले. परातीतली राड मोरीत ओतली, वर राख टाकून परात घासली. टॉवेल कचऱ्यात खाली दाबला. बोटांची हळद काही केल्या जाईना, तेव्हा त्यांनी दोन्ही हात उरलेल्या काळ्या ग्रीसनं माखून घेतले. तेवढ्यात फाटक वाजलं.

यशोदाबाई पायरीवर थांबल्या. पेट्रोलचा वास, काळे हात, लेंग्यावर डाग.

"हे काय करून घेतलंय?"

"फिरवून बघ," ते म्हणाले.

त्या पुढं आल्या. भीत भीत हात लावला. चाक फिरलं. टिकटिकटिकटिक. त्या वाट बघत उभ्या राहिल्या की आता थांबेल, मग थांबेल. ते थांबेच ना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "तो फिरवायचा तेव्हा असंच फिरायचं हो." आणि मग, चार दिवसांत पहिल्यांदा माणसासारख्या आवाजात, "तुम्ही केलंत? तुम्ही? काय झालं होतं त्याला?"

यज्ञेश्वररावांना इतका आनंद झाला होता की ते बोलून गेले, "काही नाही गं, पाणी गेलं होतं आत."

बोलले आणि जीभ चावली. पण तोंडातून शब्द गेला होता.

यशोदाबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी तुळशीकडं बघितलं. कट्ट्यावर तांब्या होता.

"कुठलं पाणी?"

ते वाकून पाना उचलायला लागले.

"अहो, कुठलं पाणी? इथं पोर्चमध्ये पाणी कुठून... माझं? मी घालत होते ते? म्हणजे मीच..."

"नाही नाही. माझं." यज्ञेश्वरराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी कधी बायकोला थाप मारली नव्हती, मारली तर पकडले जायचे. "मी धूत होतो सायकल. पाइपनं. दर सोमवारी, तू देवळात गेलीस की. धूळ बसायची म्हणून धरायचो पाइप चाकावर. तुझं तांब्याभर पाणी वरच्यावर वाळून जायचं, त्यानं काय होतंय? माझंच गेलं आत."

यशोदाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"पाइपनं?"

"हो."

"प्यायला पाणी नाही घरात, मी एकेक तांब्या जपून ठेवते, आणि तुम्ही पाइप लावून... त्याच्या सायकलवर? मला न विचारता?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे! काही कळतं का तुम्हाला? कधी कळलं? कशाला हात लावलात तुम्ही त्याच्या? तो होता तेव्हा कधी शेजारी बसला नाहीत, पेपरात तोंड घालून बसायचात, आणि तो गेल्यावर धुवायला निघालात!" आवाज चढत गेला. शेजारी चन्नम्मा कुंपणावरून डोकावल्या आणि मागं सरल्या. यशोदाबाईंनी नवऱ्याच्या छातीवर मूठ मारली, मग दुसरी. "नाश केलात सगळ्याचा! तुम्हीच केलात! ती रिक्षा... ती रिक्षा कुणी परत पाठवली? दारात आलेली रिक्षा! तुम्हीच गेलात ना बाहेर? तुम्हीच म्हणालात ना त्याला, जा म्हणून?"

यज्ञेश्वररावांच्या डोळ्यांसमोर ती सकाळ लख्ख उभी राहिली. आतून आलेली हाक, "ताप उतरतोय हो", पट्टीचं पाणी ठिबकणारा तिचा हात. ते बाहेर गेले होते हे खरंच होतं. जा बाबा तू, असं म्हणालेही तेच होते.

ती त्यांच्याकडं बघत होती. डोळ्यांत राग होता आणि रागाच्या मागं नुसती भीती होती, की आता हे काय म्हणतात.

"हो," ते म्हणाले. "मीच पाठवली."

"सोमवारी नेऊ म्हणालात!"

"मीच म्हणालो."

तेव्हा यशोदाबाई रडल्या. दोन वर्षांत रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या, पायरीवर बसून, गल्लीत ऐकू जाईल अशा, पोराला नावानं हाका मारत. यज्ञेश्वररावांनी हात लावायला पुढं केला तर त्यांनी तो झिडकारला. मग दमून आतल्या खोलीत जाऊन झोपल्या, त्या दिवेलागणीला उठल्या. उठल्यावर त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पिठाचा डबा काढला आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईंनी अख्खा तांब्या तुळशीला घातला. पोर्चमध्ये आल्या, कोरड्या हातानं कुंकवाचं बोट सीटला लावलं, चाक फिरवलं. मग खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "आजपासून सायकलला पाण्याचा थेंब लावलात तर बघा. खबरदार." यज्ञेश्वररावांनी मान डोलावली आणि पेपर चेहऱ्यासमोर धरला.

असं चाललं. त्या जेवायच्या, देवळात जायच्या, चन्नम्मांबरोबर शेंगाचटणी कुटायच्या. 'माझा हातगुण' हे शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आले नाहीत. यज्ञेश्वररावांच्या वाट्याला ताट यायचं, चहा यायचा, बोलणं फारसं यायचं नाही. त्यांनी ते मुकाट सोसलं. एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे घरात फोन आहे आणि आया लेकींशी बोलतात.

पंधरवड्यानं एका संध्याकाळी श्रावणीचा फोन आला. आईच्या नाही, त्यांच्या मोबाइलवर. श्रावणी बापाची लाडकी. वरद गेला तेव्हा ती पुण्याहून धावत आली होती आणि आईला नाही, बापाला धरून रडली होती.

"बाबा, एक विचारू? खरं सांगा. शनिवारी रिक्षा आली होती दारात, आणि तुम्ही ती परत पाठवलीत?"

यज्ञेश्वररावांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. तव्यावर भाकरी फुगत होती. यशोदाबाईंची पाठ दिसत होती, भाकरी थापणारे हात दिसत होते.

"बाबा? आई म्हणते ते खोटं आहे ना? सांगा की. तुम्ही तसं करणार नाही, मला माहीत आहे."

"नाही बाळा," ते म्हणाले. "खरं आहे. मीच पाठवली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग श्रावणी म्हणाली, "ठेवते मी," आणि तिनं फोन ठेवला.

"कुणाचा होता?" यशोदाबाईंनी वळून न बघता विचारलं.

"श्रावणीचा."

"काय म्हणत होती?"

"काही नाही. तू जेवतेस ना नीट, विचारत होती."

यशोदाबाईंनी दोन ताटं मांडली. नवऱ्याचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं, आपलं घेऊन पाटावर बसल्या. यज्ञेश्वरराव नुसतेच भाकरीचा तुकडा कालवणात फिरवत राहिले आणि तिच्याकडं बघत राहिले. तिनं पहिली भाकरी संपवली, चटणी वाढून घेतली आणि टोपल्यातली दुसरी काढून ताटात घेतली.